एकशे वीस रुपयांची पेटी आणि पै-पैशाची बँक

साताऱ्याच्या शाहूपुरीतील आम्ही पाच घरांनी मिळून जुलै महिन्यापासून एका फिरत्या विषयपेटीची वर्गणी भरली आहे. करंजे भागातील दहा-अकरा तरुण-तरुणी एका शिंप्याच्या दुकानामागील खोलीतून ही सेवा चालवतात. दरमहा एक विषय आणि एक पत्र्याची पेटी, अशी तिची रीत आहे. पेटीत त्यांनी स्वतः लिहून छापून घेतलेल्या आठ पुस्तिका, काही छायाचित्रे, एक नकाशा आणि दोन वह्या असतात. पाच घरांचा एक गट धरला जातो, पेटी प्रत्येक घरी सहा दिवस मुक्काम करते, आणि त्यासाठी घरटी महिना १२० रुपये व परत मिळणारी ५०० रुपये अनामत घेतली जाते. जुलैचा विषय होता अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे स्वावलंबन आणि एकजूट. मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे ही पेटी काहीशा तपासणीसाच्या नजरेनेच उघडली, हे आधीच सांगितलेले बरे.

पेटी ठरलेल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा आली. साताऱ्याच्या पावसात दुचाकीवरून पेटी पोहोचवणाऱ्याची अडचण मला कळते, परंतु निदान दूरध्वनी करून तसे कळवायला हवे होते. पेटीच्या झाकणाला रबराची पट्टी नसल्याने आत ओल शिरली होती आणि चार छायाचित्रे एकमेकांना चिकटून बसली होती. पुस्तिकांचा कागद चांगला असला तरी अक्षर इतके बारीक आहे की साठी ओलांडलेल्या वाचकाला खिडकीशी बसूनच वाचावे लागते. तक्रारींचा हा भाग येथेच संपवते, कारण पेटीतील मजकूर त्याहून अधिक बोलण्याजोगा आहे.

आठांपैकी सर्वांत उत्तम पुस्तिका मॅगी लेना वॉकर यांच्यावरची आहे. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात १८६४ साली जन्मलेली ही बाई कपडे धुऊन संसार चालवणाऱ्या आईची मुलगी. वाढत्या वयात घरोघरचे धुण्याचे गाठोडे पोहोचवण्याचे काम तिने केले. पुढे सेंट ल्यूक नावाच्या परस्पर साहाय्य मंडळाची सूत्रे १८९९ मध्ये तिच्या हाती आली. सभासदांची वर्गणी गोळा करायची आणि आजारपणात व मर्तिकाच्या वेळी त्यातून मदत द्यायची, असे या मंडळाचे काम होते. मंडळाचे वृत्तपत्र १९०२ मध्ये निघाले आणि १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उभी राहिली. पेनी म्हणजे त्यांची पै. जिच्या हातात आठवड्याला चार नाणीच उरतात, तिलाही या बँकेच्या दारात उभे राहता यावे, हा त्या नावाचा अर्थ पुस्तिकेने नेमका पकडला आहे. वॉकरबाईंनी १९०५ मध्ये काढलेले मोठे दुकान मात्र गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे काही वर्षांतच बंद पडले, आणि हे अपयशही पुस्तिकेने झाकलेले नाही.

आमच्या गटातील एक ताई गेली बारा वर्षे महिला बचत गटाच्या सचिव आहेत. त्यांनी ही पुस्तिका दोनदा वाचली आणि मला विचारले, “बाई, कर्ज बुडाल्यावर त्या काय करत, हे कुठे लिहिलेच नाही.” प्रश्न योग्य आहे. बँक कशी सुरू झाली हे आठ पानांत येते, पण ती दैनंदिन व्यवहारात कशी चालली, तारण काय घेतले जाई, वसुली कोण करी, याबद्दल एक ओळही नाही. ज्यांना स्वतः असे काही उभे करायचे आहे त्यांना हीच माहिती हवी असते. आणखी एक दोष असा की १९०३ मधील डॉलरचे रुपये आजच्या दराने करून दाखवले आहेत. त्यातून वाचकाला काहीही कळत नाही, उलट गैरसमज होतो. त्यापेक्षा त्या काळात धुणे धुणाऱ्या बाईला आठवड्याला काय मिळे, ते शोधून शेजारी मांडायला हवे होते.

या बँकेचे मोल कळण्यासाठी तिच्या आधीची एक हकिकत माहीत असावी लागते, आणि ती वेगळ्या पुस्तिकेत येते. गुलामगिरी संपत असताना, १८६५ मध्ये, मुक्त झालेल्या लोकांच्या बचतीसाठी सरकारी सनदेने फ्रीडमन्स बँक स्थापन झाली. पाठीशी सरकार आहे अशा समजुतीने लोकांनी तेथे पैसे ठेवले, पण गैरकारभार आणि मंदी यांमुळे ती १८७४ मध्ये बुडाली. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे जवळजवळ तीस लाख डॉलर अडकले. शेवटच्या काही महिन्यांसाठी अध्यक्षपदी आणलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी पदरचे दहा हजार डॉलर तिच्यात घातले, पण ती सावरली नाही. पतसंस्थेत ठेव अडकल्यावर घरात काय होते, हे पश्चिम महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. अशा अनुभवानंतर तीस वर्षांच्या आत त्याच समाजातील एक स्त्री उभी राहते आणि आपले पैसे आपल्याच माणसांच्या हाती द्या म्हणते, तेव्हा तिला आधी विश्वास उभा करावा लागला असणार आणि भांडवल त्यानंतर. या दोन पुस्तिका एकाच धाग्याने बांधून द्यायला हव्या होत्या. पेटीत त्या दुसऱ्या आणि सातव्या क्रमांकावर आहेत.

कृष्णवर्णीय शिक्षणप्रसारक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यावरची पुस्तिका साताऱ्याच्या वाचकाला सर्वांत जवळची वाटेल. त्यांनी १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे काढलेल्या संस्थेत विद्यार्थ्यांनीच विटा पाडल्या आणि त्याच विटांनी इमारती उभ्या केल्या. तीन भट्ट्या फसल्या तेव्हा चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण टाकले. हे वाचताना रयत शिक्षण संस्थेची आठवण न झाली तरच नवल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कराडजवळच्या काले येथे १९१९ मध्ये संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. घड्याळ आणि मंगळसूत्र या दोन वस्तू पुस्तिकेने समोरासमोरच्या पानांवर छापल्या आहेत. ही मांडणी ज्याला सुचली त्याचे कौतुक केले पाहिजे.

मात्र ही पुस्तिका पुढे आरतीच्या सुरात जाते. वॉशिंग्टन यांनी १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात आधी हातचे कसब आणि उद्योग, राजकीय व सामाजिक समतेची मागणी तूर्त मागे, अशी भूमिका घेतली होती. या भूमिकेवर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये कठोर टीका केली. मताधिकार सोडून देऊन मिळवलेली मालमत्ता राखता येत नाही, हा त्या टीकेचा गाभा होता. हा वाद कृष्णवर्णीयांच्या स्वावलंबनाच्या विचारातील मूळचा वाद आहे आणि पुस्तिकेत तो केवळ तळटिपेत येतो. आपल्याकडेही वंचित समाजाला “तुम्ही आधी शिका, कष्ट करा, मग हक्कांचे पाहू” असे सांगणारे सुजन पुष्कळ भेटतात. अशा सुजनांच्या हाती ही पुस्तिका पडली तर ते तिचा उपयोग कसा करतील, याची मला धास्ती वाटते.

त्या धास्तीवरचा उतारा खरे तर पेटीतच होता, पण तो दोन पानांत उरकला आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराचा ग्रीनवुड हा भाग म्हणजे कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेली भरभराटीची पेठ होती. तेथे दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे, डॉक्टर आणि वकील असे सर्व काही होते. गोऱ्यांच्या जमावाने ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत सुमारे पस्तीस ब्लॉकांचा हा परिसर जाळून टाकला आणि बाराशेहून अधिक घरे भस्मसात झाली. विमा कंपन्यांनी दंगलीचे कलम दाखवून भरपाई नाकारली. नगरपालिकेने पुनर्बांधणीवर जाचक नियम लादले, तेव्हा बी. सी. फ्रँकलिन या वकिलाने तंबूत कचेरी थाटून त्याविरुद्ध लढा दिला आणि लोकांनी पेठ पुन्हा उभारली. ग्रीनवुडचे लोक आळशी नव्हते, अडाणी नव्हते आणि कोणापुढे हात पसरत नव्हते. त्यांची पेठ जळाली ती नेमकी भरभराटीला आलेली असतानाच जळाली. ही हकिकत वॉशिंग्टन यांच्या पुस्तिकेच्या शेजारी, तितक्याच पानांत द्यायला हवी होती. शिवाय छापील मजकुरात साल १९२३ असे चुकले आहे. आधीच्या कोणा वाचकाने ते पेन्सिलीने दुरुस्त केले आहे, आणि त्याखाली चालकांपैकी कोणीतरी “चूक मान्य, आभार” असे लिहिले आहे.

बसमधील वर्णभेदाविरुद्ध अलाबामातील माँटगोमेरी शहरात झालेल्या बस बहिष्काराची पुस्तिका आमच्या गटात सर्वाधिक गाजली, कारण गटात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चाललेल्या या बहिष्काराचे वर्णन आपण नेहमी नैतिक धैर्याच्या भाषेत करतो. वाहकसाहेबांनी मात्र कागद घेऊन भारमान, म्हणजे गाडी किती भरते याचे प्रमाण, मांडायला सुरुवात केली. त्या बसगाड्यांतील सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते, हे वाचल्यावर ते म्हणाले, “अहो, गाडी रिकामी धावली तरी डिझेल जळतंच. कंपनी किती दिवस तग धरणार?” त्यांना त्याहून अधिक रस होता तो लोकांनी उभ्या केलेल्या पर्यायी वाहतुकीत. सुमारे तीनशे खासगी मोटारी, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा, आणि स्थानिक विमा कंपन्यांनी पाठ फिरवल्यावर थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवलेला विमा, हे सारे वाचून त्यांचे मत पडले की त्या माणसांनी वर्षभर एक आगारच चालवले. इतिहासाची शिक्षिका म्हणून मी हा धडा कितीतरी वेळा शिकवला असेल, पण त्यातील वेळापत्रकाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

याच पुस्तिकेत जॉर्जिया गिलमोर येतात. या स्वयंपाकीणबाईंनी बहिष्काराच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. त्या व त्यांच्या मैत्रिणी जेवण आणि केक-पाय करून विकत आणि मिळालेले पैसे मोटारींच्या खर्चासाठी देत. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर “कुठूनच नाही” असे खरेपणाने सांगता यावे, म्हणून मंडळाचे नावच तसे ठेवलेले होते. घरकाम करणाऱ्या ज्या बायका उघडपणे वर्गणी देऊ शकत नव्हत्या, त्यांना या नावाआड हातभार लावता आला.

कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइनची पुस्तिका ठीक आहे. पाच-पाच डॉलरचे भाग विकून १९१९ मध्ये उभारलेली जहाज कंपनी तीन वर्षांत का बुडाली, हे ती सांगते, पण गार्वी यांच्यावरील खटल्याचा भाग घाईने आटोपते. फॅनी लू हेमर यांच्यावरची पुस्तिका लहान असूनही सुरेख आहे. मतदार नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून १९६२ मध्ये मळ्यावरून हाकलल्या गेलेल्या या शेतमजूर बाईंनी १९६९ मध्ये मिसिसिपीत सहकारी शेती सुरू केली. तिच्या जोडीला डुकरांची बँक होती, जिची परतफेड जनावरातच करायची असे. माण-खटावच्या वाचकाने येथे शेळ्या डोळ्यांपुढे आणाव्यात.

शेवटी एक सुटे पान साताऱ्याविषयी आहे. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरीविषयीचा ग्रंथ १८७३ मध्ये अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. ही माहिती नेमकी आहे. जात आणि वर्ण एकच, असे सोपे समीकरण पानाने टाळले आहे, हेही चांगले झाले. पण आपल्या घरातील वर्णभेदावर, म्हणजे स्थळ पाहताना “मुलगी उजळ हवी” असे म्हणणाऱ्या आपल्याच तोंडावर, दोन ओळी खपल्या असत्या. भाषेतही एकवाक्यता नाही. एकाच पानावर कृष्णवर्णीय, काळे आणि आफ्रिकन-अमेरिकन असे तिन्ही शब्द फिरतात, आणि कोणता कुठे व का, हे कळत नाही. नकाशावर रिचमंड आणि टस्कीगी आहेत, टल्सा नाही.

दोन वह्यांपैकी एक अभिप्रायाची आणि दुसरी हिशेबाची. सेवेला अनुदान नाही आणि पेटीवर देणगीदाराचे नाव नाही. महिन्याची जमा, छपाई, पेट्रोल, हिरव्या रंगाचा डबा आणि शिंप्याला दिलेले खोलीचे भाडे, असे सर्व वहीत तारीखवार लिहिलेले आहे. जूनमध्ये ३४० रुपयांची तूट आली, ती अकरा जणांनी वाटून भरली, असे स्वच्छ अक्षरात नोंदले आहे. बचत गटाच्या ताईंनी पुस्तिका हातात घेण्यापूर्वी ही वही तपासली, बेरजा करून पाहिल्या आणि मगच अनामत भरली.

पाचपैकी चार घरांनी पुढील सहा महिन्यांची वर्गणी भरली आहे. पाचव्या घरात दहावीची परीक्षा असल्यामुळे ते मार्चनंतर येणार आहेत. अभिप्रायाच्या वहीत मी रबराची पट्टी, मोठे अक्षर, टल्साची वाढीव पाने आणि कर्जवसुलीची माहिती, अशा चार सूचना लिहिल्या. त्याखाली ताईंनी पाचवी सूचना घातली आहे की तुटीचे ३४० रुपये अकरा जणांनी सोसण्याऐवजी वर्गणी पाच रुपयांनी वाढवावी, आमची हरकत नाही.