फिल्म की प्रोब? अणुप्रकल्पाचं काम घेऊ पाहणाऱ्या खानदेशी फॅब्रिकेटरसाठी

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत टाक्या, डक्ट, साखर कारखान्याचे पाइप करणाऱ्या शेडला अणुप्रकल्पाच्या उपकरणाचं उपकंत्राट मिळालं, की वेल्डरच्याही आधी तपासणीचा प्रश्न उभा राहतो. काक्रापार आपल्याला परकं नाही. सुरत-भुसावळ लाइनवरच्या व्याऱ्याला उतरायचं, नदीही आपलीच तापी. तिथे २२० मेगावॅटच्या दोन जुन्या आणि ७०० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्या आहेत. वेल्ड तपासायला किरणांनी फिल्मवर फोटो काढणाऱ्या रेडिओग्राफीवाल्याला बोलवायचं, की प्रोबने धातूत ध्वनी सोडून दोष शोधणारं अल्ट्रासॉनिकचं मशीन घेऊन आपलाच माणूस तयार करायचा?

माझं मत आधीच सांगतो. कार्बन स्टीलचं जाड काम असेल तर फिल्म भाड्याने, प्रोब घरची. स्टेनलेसचं असेल तर हिशेब उलटतो, त्यावर शेवटी बोलू.

निवड करताना बहुतेक जण दर विचारतात. मी आधी विचारीन, तुमच्या शेडमध्ये कोणता दोष जास्त होतो? गामाचे किरण सांध्यातून आरपार जातात आणि जिथे धातू कमी तिथे फिल्म काळी पडते. म्हणून पोरॉसिटी (वायूची छिद्रं) आणि स्लॅग (अडकलेली मळी) फिल्मवर छान दिसतात. पण व्ही-ग्रूव्हच्या, म्हणजे दोन प्लेटांमधल्या व्ही आकाराच्या खाचेच्या, उतारावर धातू नुसता टेकला, मुरला नाही, तर ती फट कागदासारखी पातळ आणि किरणांना तिरकी असते. फिल्मवर ती दिसेलच याचा भरवसा नसतो. ‘भाऊ, फिल्म ओके आली’ म्हणून जॉब ट्रकवर चढतो आणि हे लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे धातू न मुरल्याची फट, आतच राहतं. ६० अंशांच्या ग्रूव्हला ६० अंशांची प्रोब लावली, तर ध्वनीचा झोत त्याच उतारावर काटकोनात आदळतो आणि स्क्रीनवर उभा इको येतो. तुमच्याकडे मिगवर (तारेच्या वेल्डिंगवर) काम जास्त होत असेल, तर हाच दोष तुमचा मुख्य शत्रू. ओलसर रॉड वापरून हायड्रोजनने पडलेली भेगही प्रोबलाच लवकर सापडते, फक्त वेल्ड थंड झाल्या झाल्या तपासू नका. ही भेग उशिरा उघडते, म्हणून ४८ तास थांबण्याची पद्धत आहे.

मग फिल्म हवी कशाला? कारण ती कायमचा पुरावा असते आणि दुसऱ्या माणसाला पुन्हा वाचता येते. शिवाय क्यूएपीत (कामाच्या गुणवत्ता-योजनेत) एएसएमई सेक्शन तीन, म्हणजे अणुप्रकल्पाच्या उपकरणांचा अमेरिकन कोड, लिहिलेला असेल, तर पहिल्या वर्गाच्या प्रेशर व्हेसलच्या मुख्य बट सांध्यांना रेडिओग्राफी लागतेच, वर पृष्ठभागावरच्या भेगांसाठी डीपी (रंगद्रवाची चाचणी) किंवा एमपीआय (चुंबकीय कणांची चाचणी). तिथे निवडच नाही.

साधी प्रोब मात्र माणसावर अवलंबून असते. फेज्ड ॲरे, म्हणजे अनेक स्फटिकांची प्रोब असलेलं मशीन, घेतलं तर स्कॅनची नोंद राहते, पण ते महाग.

माणसावर अवलंबून म्हणजे काय, ते फ्रान्सच्या फ्लामांविलमध्ये दिसलं. तिथल्या तिसऱ्या अणुभट्टीचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं. वाफेच्या मुख्य पाइपांचे सांधे उत्पादकाच्या तपासणीत पास झाले होते. २०१८ मध्ये ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीने पुन्हा तपासले तेव्हा ३३ सांधे दुरुस्तीला काढावे लागले. कंटेनमेंटच्या, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या संरक्षक इमारतीच्या, भिंतीतून जाणारे आठ सांधेही दुरुस्त करा, असं नियामकाने २०१९ मध्ये सांगितलं आणि त्यासाठी पाइपात रोबो घालावे लागले. वीज ग्रिडला मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. तपासणी का चुकली, याची पाहणी करताना नियामकाला त्या वेळची कामाची परिस्थिती आणि व्यवस्थाच ढिसाळ आढळली.

हे वाचल्यावर आपल्याकडचा मे महिना आठवला पाहिजे. अल्ट्रासॉनिकमध्ये कॅलिब्रेशन ब्लॉक (मशीन जुळवून घ्यायचा प्रमाण तुकडा) आणि जॉब यांच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक चालत नाही. उन्हात पडलेली प्लेट हाताला चटका देते आणि ब्लॉक मात्र एसीच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये! तो ब्लॉक सकाळीच जॉबशेजारी नेऊन ठेवायला काही खर्च नाही, तरी कोणी ठेवत नाही. फिल्मलाही ऊन झेपत नाही. डेव्हलपर साधारण २० अंशांवर लागतो, म्हणजे चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी डार्करूमला एसी हवाच.

रेडिओग्राफीची दुसरी अडचण शेजाऱ्यांची. किरणं सोडणारा सोर्स डब्यातून बाहेर काढायचा तर दोरी बांधून परिसर मोकळा करावा लागतो, म्हणून काम रात्री. शेजारच्या दालमिलची रात्रपाळी चालू असेल तर एक्स्पोजर खोळंबतं आणि दिवसभर तयार जॉब नुसता पडून राहतो. एजन्सीकडे एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना आणि प्रमाणित रेडिओग्राफर आहे ना, हे बघाच. सोर्सचं आजचं बळही विचारा. सोर्समधला इरिडियम-१९२ सुमारे ७४ दिवसांत निम्मा होतो आणि म्हाताऱ्या सोर्सने एक्स्पोजरचा वेळ दुप्पट होतो.

म्हणून घरच्या प्रोबचा खरा फायदा रेडिओग्राफीवाला येण्याआधी आहे. आपल्या लेव्हल-टू (तपासणीचं दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र असलेल्या) माणसाने सांधा आधी पाहिला, सदोष भाग गॉजिंग करून, म्हणजे कोरून काढून, पुन्हा भरला, की एजन्सीची रात्र रिपेअरच्या फिल्म काढण्यात जात नाही. दुरुस्ती मात्र मंजूर पद्धतीनेच आणि नोंद करून. अणुप्रकल्पाच्या कामात गुपचूप ग्राइंडर फिरवणं म्हणजे फसवणूकच. सांध्याचा चिवटपणा या दोन्ही चाचण्यांना कळत नाही, तो कूपन, म्हणजे वेल्डचा नमुना-तुकडा, तोडूनच कळतो.

आता स्टेनलेस. तिथे वेल्डचे दाणे जाडे असतात, ध्वनी विखुरतो आणि स्क्रीनवर नको त्या इकोंचं गवत उगवतं. त्यात भिंत ८ मिलिमीटरपेक्षा पातळ असली, तर साधी प्रोब जवळपास निरुपयोगी. काम ३०४-एल स्टेनलेसच्या पातळ पाइपांचं असेल तर मशीनचा विचार सोडा, रेडिओग्राफी आणि डीपीवर भागवा. ते पैसे रूटच्या पर्जिंगसाठी, म्हणजे वेल्डच्या आतल्या बाजूची हवा हटवण्यासाठी, आर्गॉनला, स्टेनलेससाठी वेगळ्या ठेवलेल्या ग्राइंडिंग व्हीलना आणि क्लोरीन-फ्लोरीनचं प्रमाण सर्टिफिकेटवर लिहिलेल्या डीपी किटला घाला.