हाँगकाँगमध्ये मासे खायचे तर मंडईच्या माडीवर की सायकुंगच्या धक्क्यावर?

हाँगकाँगमध्ये साध्या, घरगुती कँटोनीज पद्धतीचे मासे खायचे तर दोन प्रकारच्या जागा आहेत. पहिली म्हणजे वस्तीतल्या सरकारी मंडईच्या वरच्या मजल्यावरचं कुक्ड फूड सेंटर. खाली भाजी-मासळीचे गाळे, वर प्लास्टिकची स्टुलं, गोल टेबलं आणि भडकलेल्या शेगड्या. रस्त्यावरच्या जुन्या दाय पाय दोंग नावाच्या खाद्यगाड्यांपैकी बऱ्याच सरकारने हळूहळू अशाच इमारतींत हलवल्या. नॉर्थ पॉइंटची जावा रोड मंडई हे त्यातलं ओळखीचं नाव. दुसरी जागा किनाऱ्यावरची: सायकुंग, लेइ यू मुन किंवा लम्मा बेटावरचं सोक क्वू वान. तिथे टाकीतला जिवंत मासा निवडायचा, तोलून घ्यायचा आणि तिथेच शिजवून खायचा.

दोन्हीकडची मेन्यूकार्डं सारखीच दिसतात, त्यामुळे ती वाचून निवड करता येत नाही. तुम्ही किती जण आहात आणि तुम्हाला कढईतलं खायचंय की वाफवलेलं, एवढं ठरलं की जागा आपोआप ठरते.

कढईतलं हवं असेल तर मंडई

तिसऱ्या, माकुल, खेकडा, मीठ-मिरचीचे तळीव प्रकार हे सगळं कढईचं काम आहे आणि त्याला प्रचंड आच लागते. मंडईतल्या गाळ्यांचा आचारी संध्याकाळभर हेच दहा-बारा पदार्थ करत असतो. कढई थंड होत नाही, माल पडून राहत नाही. कँटोनीज लोक ज्याला वोक हेइ म्हणतात तो धुरकट खमंगपणा अशाच ठिकाणी येतो. किनाऱ्यावरच्या मोठ्या रेस्टॉरंटात स्वयंपाकघर लांब असतं. ताट तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातला अर्धा वास हवेत गेलेला असतो.

आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या, मिरचीच्या रश्शातल्या तिसऱ्या मागवून गाळा पारखावा. रस शिंपल्यांना जेमतेम चिकटलेला हवा. ताटात घट्ट, चकचकीत खळीचं तळं साचलं असेल तर तिसऱ्यांना पाणी सुटलं आणि ते स्टार्च घालून लपवलंय असं समजा. दाताखाली वाळू लागली तर तिसऱ्या मिठाच्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवल्या नव्हत्या. मग त्या गाळ्यावर दुसरी कुठलीही शिंपली मागवू नका. न उघडलेल्या तिसऱ्या बाजूला ठेवा, काट्याने उघडायच्या भानगडीत पडू नका.

मराठी माणसाने इथे आवर्जून मागवावा तो बोंबील. हो, तोच. आपण बोंबील चिरून वजनाखाली दाबतो, पाणी काढतो आणि रवा लावून कुरकुरीत करतो. इथे पाणी काढत नाहीत. बोटभर लांबीचे तुकडे स्टार्चमध्ये घोळवून कडकडीत तेलात तळतात आणि शेवटी लसूण, मिरची, मीठ घालून कढईत दोनदा उडवतात. वरचं कवच कडक, आत खरवसासारखं मऊ. मात्र पाचेक मिनिटांत आतलं पाणी कवचात उतरतं आणि सगळं लिबलिबीत होतं. त्यामुळे बोंबील टेबलावर आला की फोटो नंतर.

मंडईतली अडचण क्रमाची. पदार्थ तयार होईल तसा येतो, कधी कधी चारही एकदम. म्हणून ऑर्डर दोन हप्त्यांत द्या. आधी उकडलेली कोळंबी आणि पालेभाजी, ती निम्मी संपल्यावर कढईतले दोन पदार्थ. शेवटी फ्राइड राइस किंवा नूडल्स.

वाफवलेला अख्खा मासा हवा असेल तर टाकी

वाफवलेल्या माशात लपवायला काही नसतं, म्हणून तो जिवंत घ्यायचा. साधारण ६०० ग्रॅमचा मासा जोरदार वाफेवर सुमारे आठ मिनिटांत होतो, ९०० ग्रॅमच्या माशाला दहा-अकरा लागतात. ताटात साचलेलं वाफेचं पाणी फेकून द्यायचं, वर कांद्याची पात आणि आलं घालायचं, कडकडीत तेल ओतायचं आणि कडेने गोडसर सोया सॉस सोडायचा. कृती एवढीच, आणि बिघडतं तेही यातच. वाफेचं पाणी तसंच ठेवलं तर मासा हिवसट लागतो. दोन मिनिटं जास्त गेली तर मांस भुसभुशीत होतं. नीट झालेल्या माशाचे डोळे पांढरे होऊन बाहेर आलेले असतात आणि पाठीच्या जाड भागात मांस काट्यापासून जेमतेम सुटतं. काट्याजवळ किंचित गुलाबी छटा राहिली तर कँटोनीज माणूस खूश होतो. तुम्हाला ती नको असेल तर दोन मिनिटं परत वाफवून मागा, कोणी वाईट मानत नाही.

सुरमई-पापलेटची सवय असलेल्याने जाती निवडताना हेकरू, म्हणजे ग्रूपर, धरून चालावं. सगळ्यात स्वस्त पडतो तो शेतीतला संकरित साबा ग्रूपर. त्याची जाड, चिकट कातडी आलं-पातीत बरी लागते, पण मांस थोडं चिवट असतं. ठिपकेवाला लालसर कोरल ट्राउट महाग आणि नाजूक. डोक्याला टेंगूळ असलेला निळसर हिरवा हम्पहेड रास दिसला तर सोडून द्या. तो २००४ पासून साइट्स या, संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि संख्येने फार कमी उरलाय.

प्रवाळातले मोठे मासेही टाळा. दीड किलोच्या वरच्या प्रवाळी माशात सिग्वाटेरा विषाचा धोका वाढतो. हे विष शिजवून किंवा गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. ओठ-बोटांना मुंग्या येतात आणि गार वस्तू चटका दिल्यासारखी लागते. डोकं, कातडी, गाबोळी आणि आतडी यांत ते जास्त असतं. सहा जणांसाठी पावणेदोन किलोचा एक मासा घेण्यापेक्षा ८०० ग्रॅमचे दोन घ्या. शिजतातही नीट.

पैसे तराजूवर ठरतात

मंडईत पदार्थाची किंमत मेन्यूवर असते, लहान-मोठं ताट एवढाच फरक. किनाऱ्यावर तसं नाही. तिथे भाव कॅटीवर असतो. हाँगकाँगची कॅटी सुमारे ६०५ ग्रॅमची, आणि एका कॅटीत १६ टेल. समजा पाटीवर कॅटीला ३२० डॉलर लिहिलंय आणि मासा २० टेल भरला. म्हणजे सव्वा कॅटी, ४०० डॉलर. भारी शिंपल्यांचा भाव मात्र काही वेळा टेलवर किंवा नगावर लिहितात. टेलला २८ हा आकडा गरीब दिसतो, पण तो कॅटीला ४४८ होतो. शेन्झेनला जाऊन खाणार असाल तर तिथली कॅटी ५०० ग्रॅमची, हेही ध्यानात असू द्या.

जाळीत मासा घेण्याआधीच वजनाची मर्यादा सांगा: "एक कॅटीच्या आसपास, सव्वाच्या वर नको." नाहीतर विक्रेता हमखास दीडचा उचलतो आणि मासा एकदा मारला की परत जात नाही. पिशवीतलं पाणी काढून तोलायला सांगा. खेकडा ओल्या दोरखंडात बांधलेला असेल तर दोर सोडून वजन मागा, कारण भिजलेला दोर खेकड्याच्या भावात पडतो. नर-मादी ओळखायची खूण आपल्याकडचीच: पोटावरची झडप निमुळती तो नर, त्यात मांस जास्त; रुंद ती मादी, लाख (म्हणजे अंडी) हवी असेल तर ती.

मग शिजवण्याचा आकार. लेइ यू मुनमध्ये मासळीचा गाळा वेगळा आणि शिजवणारं रेस्टॉरंट वेगळं असू शकतं. गाळ्याला माशाचे पैसे, रेस्टॉरंटला प्रत्येक पदार्थाच्या शिजवण्याचे. त्यावर दहा टक्के सेवा आकार, माणशी चहाचे पैसे, आणि न मागता ठेवलेल्या शेंगदाण्यांचे वेगळे. शेंगदाणे नको असतील तर ठेवतानाच परत करा. सायकुंगमध्ये बहुतेक रेस्टॉरंटांच्या स्वतःच्या टाक्या आहेत, पण सांगितलेल्या भावात शिजवणं धरलंय की नाही हे तिथेही विचारावंच लागतं. सायकुंगच्या धक्क्याखाली होड्यांतून लांब दांड्याच्या जाळीने मासे वर देतात, दृश्य झकास असतं. ते घ्यायचे असतील तर बाहेरचा मासा शिजवून देणारं रेस्टॉरंट आधी पक्कं करा, मासा नंतर.

एकूण आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय मासा मारू देऊ नका. घासाघीस करायची ती तिथेच. टेबलावर बसल्यानंतर काही उपयोग नाही.

किती जण, किती माल

दोघांसाठी किनारा परवडत नाही. सगळ्यात लहान मासा सहाशे ग्रॅमच्या आसपासचा, खेकडा अख्खाच घ्यावा लागतो आणि शिजवण्याचा आकार दोनच डोक्यांवर पडतो. दोघांनी मंडईत जावं: तिसऱ्या, बोंबील, लसणीतली पालेभाजी आणि एक भात. चौघांचं दोन्हीकडे जमतं. सहाजण असाल तर सायकुंगच. ८०० ग्रॅमचे दोन मासे, एक कॅटी उकडलेली कोळंबी, एक मोठा खेकडा, लसूण-शेवयांत वाफवलेले माणशी एक स्कॅलप, भाजी आणि नूडल्स. यावर शेवंड मागवायचा मोह होतो. चीज घालून नूडल्सवर आणलेली शेवंड बिल दुप्पट करते आणि चव चीजचीच लागते.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर एक मधला पर्यायही आहे. वस्तीतलंच पण टेबलक्लॉथवालं रेस्टॉरंट, दाराशी दोन-तीन टाक्या, चार किंवा सहा जणांचं ठरलेलं जेवण. मासा मध्यम, खर्च आधीच माहीत, स्वच्छतागृह आतच.

कधी आणि कसं

दक्षिण चीन समुद्रात १९९९ पासून दरवर्षी मासेमारीबंदी असते, अलीकडे १ मे ते १६ ऑगस्ट. आपल्याकडच्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीसारखीच, फक्त लांब. हाँगकाँगच्या स्वतःच्या पाण्यात ट्रॉलरने मासेमारी ३१ डिसेंबर २०१२ पासून बंदच आहे. टाक्यांतला बराच माल शेतीतला किंवा आयात केलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात रेस्टॉरंटं ओस पडत नाहीत. पण "आजच इथे पकडलेला" हे त्या दिवसांत ऐकलंत तर भाव वाढवायला म्हटलंय असं समजा.

मंडईत संध्याकाळी साडेसहाच्या आत पोचा. साडेसात ते साडेआठ टेबल मिळणं मुश्कील असतं, आणि रोख पैसे जवळ असू द्या. सायकुंगला चोय हुंग स्टेशनवरून १ए मिनीबस जाते. रविवारी तो रस्ता तुंबतो, म्हणून मधल्या वारी जावं. लेइ यू मुनला याउ तोंग स्टेशनवरून चालत जाता येतं, पण गल्ल्या अरुंद आणि ओल्या असतात. लम्माला जाणार असाल तर जेवायला बसण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ बघून ठेवा.

टेबलावर कोणी शाकाहारी असेल तर दोन्हीकडे हाल सारखेच. पालेभाजीवर ऑयस्टर सॉस, टोफूत कोंबडीचं पाणी, नाळीच्या भाजीत कोळंबीची चटणी, आणि कढई सगळ्यांची एकच. "फक्त लसूण आणि मीठ" असं फोनवर कँटोनीजमध्ये लिहून दाखवलं तर भाजी मिळते. कढई वेगळी हवी असा आग्रह असेल तर त्या माणसाचं जेवण आधी दुसरीकडे उरकून मग इथे यावं.