गावचं जुनं घर: कौलं ठेवायची, पत्रा टाकायचा की सरळ स्लॅब?

कोकणातलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर दुरुस्तीला काढलं की पहिला वाद छपरावरून होतो आणि तो आधी मिटवलेलाच बरा, कारण छप्पर ठरलं की बाकीचं निम्मं घर आपोआप ठरतं.

मुंबईतली भावंडं बहुतेक स्लॅबच्या बाजूने असतात, एकदा टाकला की कटकट मिटली म्हणे. पण पाच इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण 30 किलो, मंगलोरी कौलांचं 4 किलोच्या आसपास. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर हे लादायचं नाही, म्हणजे कॉलम आले, पाया आला, भिंती पाडणं आलं, मग ती दुरुस्ती कसली, नवीन घरच झालं की. आणि काही वर्षांनी गळतो म्हणून त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड चढवलेली घरं गावोगाव दिसतातच.

पत्रा स्वस्त, झटपट, आणि माकडांनी कितीही उड्या मारल्या तरी फुटत नाही (हा मुद्दा शहरातल्यांना कळत नाही). पण मे महिन्यात दुपारी माजघरात बसवत नाही, जुलैमध्ये पाऊस लागला की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलायचं, आणि खाडीजवळ घर असेल तर गंज ठरलेला.

कौलं ठेवायची तर आधी लाकूड बघा. वासे भिंतीत जातात तिथे आणि पागोळ्यांच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा, आत गेला तर तेवढाच वासा बदला, अख्खं छप्पर कुजलंय असं कंत्राटदार म्हणेल पण ते बहुतेक वेळा तसं नसतं. चूल बंद होऊन गॅस आला तसा लाकडाला कीड लागू न देणारा धूर गेला, त्यामुळे वाळवी आणि भुंग्यांसाठी औषध मारावंच लागतं. अजून एक, वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून उतरवताना चांगली जुनी वेगळी रचून ठेवा, एक पाखं (छपराची एक उतरती बाजू) पूर्ण जुन्यांचं करा आणि दुसरं पूर्ण नव्यांचं, मिसळ केली की गळणार.

मधला मार्गही आहे, लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा आणि वर कौलं. बाहेरून घर तेच दिसतं, कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, फक्त कौलांच्या फटीतून खेळणारी हवा बंद होते म्हणून दोन्ही बाजूंना वर जाळी सोडायला सांगा.

माझं मत विचाराल तर घरात बारा महिने माणूस असेल आणि पावसाआधी दरवर्षी कौलं चाळून (काढून, फुटकी बदलून परत लावून) घेणार असाल तर लाकूड-कौलंच, दुसरं काही नको. घर गणपती आणि मे महिन्यापुरतंच उघडत असेल तर मधला मार्ग.

भिंतींना मात्र सिमेंटचं प्लास्टर नको, कुठलंही छप्पर असो. चिरा जमिनीतली ओल वर खेचतो, सिमेंटमुळे ती बाहेर पडत नाही आणि मग रंगाचे पापुद्रे, खार, प्लास्टरचे तुकडे. आतून चुना, बाहेरून नुसत्या दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरून घ्या, चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागेल तो लागू दे. जमिनीला लाल कोबा मस्त, गुळगुळीत टाइल्स निदान पडवीत तरी नको, पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरतात.

घर सामायिक असेल तर भाऊबंदांची संमती लेखी घ्या, आणि काम दिवाळीनंतर लगेच काढा, मेच्या मध्यापर्यंत छप्पर बंद झालेलं असलं पाहिजे.