एका बैठकीत ऐकायचा रॉक अल्बम : चारांपैकी पहिला कोणता?

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा फोनवर शफल चालू होतं. शेवटचं 'एक्लिप्स' तिसऱ्याच नंबरला लागलं. दोन मिनिटांचं गाणं चढत चढत गेलं आणि संपलं. एवढं काय आहे यात, असं वाटून मी पुढे गेलो. काही महिन्यांनी तोच अल्बम पहिल्यापासून ओळीने ऐकला, तेव्हा त्याच दोन मिनिटांनी अंगावर काटा आणला. मधे फक्त आधीच्या चाळीस मिनिटांचा फरक होता.

तेव्हापासून सलग ऐकायचा अल्बम निवडताना मी एकच गोष्ट पाहतो : गाण्यांचा क्रम विस्कटला तर काय बिघडेल? नुसती सरस गाणी एकत्र असणं वेगळं. लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधली आठही गाणी मला प्रिय आहेत, पण त्यातलं कुठलंही केव्हाही लावलं तरी ते पूर्ण वाटतं. त्यामुळे तो इथे नाही. इथे चार आहेत : बीटल्सचा 'ॲबी रोड' (१९६९), 'डार्क साइड' (१९७३), फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' (१९७७) आणि रेडिओहेडचा 'ओके कम्प्युटर' (१९९७). सगळ्यात छोटा 'रूमर्स', चाळीस मिनिटांच्या आतला. 'डार्क साइड' ४३ मिनिटांचा, 'ॲबी रोड' ४७, 'ओके कम्प्युटर' ५३. पण मिनिटांवरून ठरवू नका. 'रूमर्स' कधी संपला ते कळत नाही आणि 'ओके कम्प्युटर' पहिल्या खेपेला दीड तासाचा वाटू शकतो.

'डार्क साइड' आणि 'ॲबी रोड' शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत, कारण दोन्ही मुख्यतः घडले लंडनच्या एकाच स्टुडिओत. 'ॲबी रोड'च्या वेळी तिथे सहायक असलेला ॲलन पार्सन्स 'डार्क साइड'चा साउंड इंजिनिअर झाला. दोन्हींत गाणं गाण्याला जोडलेलं आहे, पण जोडायची रीत अगदी निराळी.

'डार्क साइड' हृदयाच्या ठोक्यांनी उघडतो आणि त्याच ठोक्यांत विरतो. पहिल्या मिनिटभरात घड्याळांची टिकटिक, गल्ल्याचा खणखणाट, कुणाचं तरी हसू आणि एक किंकाळी कानावर येते. पहिल्यांदा ऐकताना तो नुसता गोंगाट असतो. दुसऱ्यांदा कळतं की पुढे येणारं सगळं तिथेच कानात पेरून ठेवलं होतं. 'टाइम' संपता संपता 'ब्रीद'ची चाल परत येते. 'मनी' सात मात्रांवर लंगडत चालतं आणि गिटारचा सोलो सुरू होताना चार मात्रांवर येतं, तेव्हा पायाखाली सपाट जमीन आल्यासारखं वाटतं. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये गायिका क्लेअर टोरी एकही शब्द न उच्चारता मरणाबद्दल सगळं सांगून जाते. अधूनमधून जे बोलणं ऐकू येतं, ते स्टुडिओत वावरणाऱ्या माणसांनी कार्डांवर लिहिलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं आहेत. शेवटचा आवाज तर तिथल्या दरवानाचा आहे. सगळे शब्द बँडच्या बेसवादकाचे, रॉजर वॉटर्सचे असल्यामुळे वेळ, पैसा, मरण, वेड हा एकच धागा तुटत नाही. शिवाय तबकडी निघायच्या आधी वर्षभर बँड हे सगळं मंचावर सलग वाजवत होता. ही वीण एका दिवसात बसलेली नाही.

'ॲबी रोड' इतका एकसंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या बाजूची सहा गाणी आपापली आहेत, आणि 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर' मला आजही मनापासून आवडत नाही. पण त्या बाजूचं शेवटचं 'आय वाँट यू' ऐका. तोच तो गिटारचा फेरा, वर वाढत जाणारा वाऱ्यासारखा आवाज, आता काहीतरी होणार असं वाटत असतानाच सुरीने कापावं तसं गाणं तुटतं. आणि मग 'हिअर कम्स द सन'. तबकडीच्या काळात मधे उठून बाजू पालटावी लागे. आज एका श्वासात अंधारातून उन्हात येता येतं, आणि मला तेच जास्त भावतं.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या बाजूला सुमारे सोळा मिनिटं आठ गाणी एकमेकांत ओवलेली आहेत. 'मीन मिस्टर मस्टर्ड' वेगळं काढलं तर मिनिटभराचा तुकडा, त्याच्याने पोट भरत नाही. मालिकेत मात्र तोच तुकडा पुढच्याला धक्का देतो. 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'ची चाल 'कॅरी दॅट वेट'मध्ये ओळखीच्या माणसासारखी भेटते. मग 'द एंड' : रिंगोचा बीटल्सच्या गाण्यांतला एकमेव ड्रम सोलो, त्यामागून पॉल, जॉर्ज आणि जॉन आळीपाळीने गिटार वाजवतात. बीटल्सचा शेवटचा अल्बम 'लेट इट बी' यानंतर आला, पण त्याचं बहुतेक ध्वनिमुद्रण आधीच झालेलं होतं. हे ठाऊक असलं की ती आळीपाळी निरोपासारखी ऐकू येते.

'डार्क साइड'मध्ये क्षणभरही पकड ढिली होत नाही, पण तो मनावर ओझं ठेवून जातो. 'ॲबी रोड' मधे मधे सैल पडतो, थट्टामस्करी करतो, आणि शेवटी हलकं करून सोडतो.

'रूमर्स'ची गोष्ट वेगळी. इथे गाण्यांमध्ये मोकळी जागा आहे, सगळी सुटी वाजू शकतात आणि रेडिओवर वर्षानुवर्षं तशीच वाजली. पण हा अल्बम बनत असताना बँडमधली दोन जोडपी वेगळी होत होती. 'ड्रीम्स' स्टीव्ही निक्सचं, 'गो युअर ओन वे' लिंडसे बकिंगहॅमचं, आणि दोन्ही एकाच ताटातुटीबद्दल. एका बैठकीत ऐकताना बंद दाराआडचं बोलणं कानावर पडावं असं होतं. 'यू मेक लव्हिंग फन' क्रिस्टीन मॅकव्हीने नव्या प्रेमाबद्दल लिहिलं आणि त्यावर बेस वाजवतोय तिच्यापासून दुरावलेला नवरा जॉन! मधोमध 'साँगबर्ड'मध्ये ती पियानोवर, आणि लगेच बाजू पालटून 'द चेन', पाचही जणांच्या नावावर असलेलं एकमेव गाणं. क्रम बदललात तर गाणी बिघडणार नाहीत, त्यांच्यातला संवाद मात्र तुटेल.

'ओके कम्प्युटर'ला संयम लागतो आणि चांगले हेडफोनही. 'पॅरानॉइड अँड्रॉइड' सहा मिनिटांत इतकी वळणं घेतं की पहिल्यांदा वाट चुकते. मधेच 'फिटर हॅपिअर' येतं : संगणकाचा निर्विकार आवाज चांगल्या जगण्याच्या सूचना वाचत जातो. बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. तसं करू नका, पुढच्या गिटारींचा संताप त्या थंडपणानंतरच पोचतो. माझा सर्वांत आवडता सांधा मात्र 'क्लाइंबिंग अप द वॉल्स' ते 'नो सर्प्रायझेस'. आधी तंतुवाद्यांचा जीव घुसमटवणारा कल्लोळ, आणि लगेच पाळण्यावरच्या खेळण्यासारखी किणकिण. ती किणकिण सुटी ऐकली तर गोड वाटते, इथे ऐकली तर भीती वाटते.

पिंक फ्लॉइडच्याच 'द वॉल'चं (१९७९) नाव कुणीतरी नक्की सुचवेल. दोन तबकड्या, ८१ मिनिटं, एक अख्खी कथा. तो पहिला नको, एवढंच म्हणतो.

मग कोणता? शब्दांकडे आणि माणसांकडे ओढा असेल तर 'रूमर्स'. दिवे मालवून पाऊण तास कुणी हाक मारणार नाही अशी सोय असेल तर थेट 'डार्क साइड'. अल्बम सलग ऐकायची सवय आधीच असेल, तर 'ओके कम्प्युटर', आणि तो आठवड्याभरात निदान तीनदा ऐका. एरवी एकेक गाणं ऐकायची सवय असणाऱ्याला मी 'ॲबी रोड'च देईन, कारण तो सुरुवात सुट्या गाण्यांनी करतो आणि नकळत तुम्हाला सलग ऐकायला लावतो.

लावण्याआधी शफल बंद करा आणि एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोयही. ती चालू असली तर 'आय वाँट यू'चा तो काप बोथट होतो. आवृत्ती मूळ यादीचीच निवडा. 'रूमर्स'च्या २००४च्या आवृत्तीत 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे मूळ अल्बममधून गाळलेलं गाणं मधेच बसवलंय. गाणं सुंदर आहे, पण 'साँगबर्ड'नंतर थेट 'द चेन'च यायला हवं.

आणि 'ॲबी रोड' ऐकत असाल तर 'द एंड' संपल्यावर हेडफोन काढू नका. थोडी शांतता जाईल, मग मालिकेतून काढून टाकलेलं तेवीस सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' अचानक वाजेल. त्याचा शेवटचा सूर वाजतच नाही.