बेळगावच्या दमट हवेत हीट पंपाच्या तीन पिढ्या

बेळगावात अंघोळीच्या गरम पाण्याची खरी अडचण होते ती जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. या काळात गच्चीवरचा सोलर आठवडेच्या आठवडे कोमट पाण्यापलीकडे काही देत नाही. मग त्याच्या टाकीतील विजेची कॉइल सुरू करावी लागते आणि सोलर बसवण्यामागचा हेतूच उरत नाही. आमच्या घरी आधी तांब्याचा बंब होता, नंतर गिझर आला, नंतर सोलर, आणि २०१२ पासून हीट पंप आहे. त्या वर्षी घेतलेले पहिल्या पिढीचे यंत्र, २०१८ मध्ये त्याच्या जागी आलेले दुसऱ्या पिढीचे आणि खानापूरला माझ्या बहिणीकडे दोन वर्षांपासून चालू असलेले तिसऱ्या पिढीचे, अशा तिन्ही यंत्रांवर पोटमीटर लावून मी नोंदी ठेवल्या आहेत. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत, पण येथे मला त्यांच्या रचनेविषयीच लिहायचे आहे.

गिझरमध्ये विजेची उष्णता थेट पाण्यात जाते, त्यामुळे एक युनिट विजेतून एक युनिटपेक्षा जास्त उष्णता मिळणे शक्यच नसते. हीट पंपाचे तसे नाही. त्याचा पंखा बाहेरची हवा थंड कॉइलवरून ओढतो, कॉइलमधील द्रव ती उष्णता घेऊन वायू होतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून आणखी गरम करतो आणि तो वायू आपली उष्णता टाकीतील पाण्याला देऊन पुन्हा द्रव होतो. वीज खर्च होते ती मुख्यतः कॉम्प्रेसर चालवण्यासाठी. मिळालेली उष्णता आणि खर्च झालेली वीज यांच्या गुणोत्तराला माहितीपत्रकात सीओपी म्हणतात, आणि आपल्याकडील हवामानात ते तीनच्या आसपास धरायला हरकत नाही.

पाच जणांच्या घराला रोज दीडशे लिटर गरम पाणी लागते असे धरू. हे पाणी २४ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यासाठी साधारण साडेचार युनिट उष्णता लागते, म्हणजे गिझरने महिन्याला सुमारे १३५ युनिट आणि हीट पंपाने सुमारे ४५ युनिट. कर्नाटकात २०२३ पासून लागू झालेल्या, घरगुती वीज मोफत देणाऱ्या गृहज्योती योजनेमुळे या फरकाला वेगळेच महत्त्व आले आहे, कारण महिन्याचा वापर दोनशे युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. फ्रिज, पंखे, मिक्सर आणि पाण्याची मोटर असलेल्या घरात गिझरचे १३५ युनिट त्या मर्यादेत बसवणे किती अवघड आहे, हे हेस्कॉमचे बिल भरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

आपली हवाही या यंत्राला अनुकूल आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात थंडीतही पारा कॉइलवर बर्फ धरण्याइतका क्वचितच उतरतो. पावसाळ्यात हवा गार असली तरी ती ओलाव्याने भरलेली असते. तो ओलावा थंड कॉइलवर पाणी होऊन साचताना आपल्याजवळची सुप्त उष्णता सोडतो आणि ती उष्णता यंत्राला फुकट मिळते. कॉइलखालच्या नळीतून जुलै महिन्यात दिवसभर ठिबकणारे पाणी ही गळती नव्हे, यंत्र नीट काम करत असल्याची ती खूण आहे. त्या पाण्याला निचऱ्याची वाट मात्र काढून द्यावी लागते.

पहिल्या पिढीच्या यंत्रात उष्णता वाहून नेणारा वायू आर-२२ हा होता, जो ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने मागे पडत गेला. आम्हाला खरा त्रास झाला तो मात्र वायूचा नव्हे, पाण्याच्या मार्गाचा. टाकीतील पाणी एक छोटा पंप उष्णता-विनिमयकाच्या, म्हणजे वायूची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांमधून फिरवत असे. आमच्याकडे नळाचे पाणी कमी पडले की बोअरचे पाणी टाकीत चढते, आणि त्या जड पाण्यातले क्षार सर्वांत आधी याच गरम, अरुंद वाटांत बसले. पहिल्या वर्षी चार तासांत तापणारे पाणी तिसऱ्या वर्षी सहा तास घेऊ लागले. दोनदा सौम्य आम्ल फिरवून वाटा मोकळ्या केल्या, पण दर वेळी आराम काही महिन्यांचाच मिळाला. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना घरातले दिवे क्षणभर मंद होत आणि त्याचा आवाज पहाटे शेजारच्या खोलीत स्पष्ट ऐकू येई.

दुसऱ्या पिढीने नेमके हेच दुखणे दूर केले, आणि माझ्या मते तिन्ही पिढ्यांतील सर्वांत मोठी सुधारणा हीच आहे. येथे गरम वायूची नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेली असते; पाणी टाकीतच राहते आणि टाकीच्या भिंतीतून तापते. अरुंद वाट नाही, फिरवणारा पंप नाही. क्षार आजही येतात, पण ते टाकीच्या तळाशी बसतात आणि वर्षातून एकदा खालची तोटी उघडली की गढूळ पाण्याबरोबर निघून जातात. आठव्या वर्षीही पाणी तापायला लागणारा वेळ जवळजवळ पहिल्या वर्षाइतकाच आहे.

या यंत्राच्या बाबतीत चूक झाली ती माझ्या हातून. मी ते कोठीच्या बंद खोलीत बसवले. तेथे पंख्याने बाहेर टाकलेली थंड हवाच पुन्हा आत ओढली जाऊ लागली, खोली गार पडत गेली आणि पोटमीटरचा आकडा चढत गेला. समोरासमोरच्या भिंतींत दोन जाळ्या काढल्यावरच आकडा खाली आला. दुसरी गोष्ट टाकीतील मदतीच्या विद्युत कॉइलची. यंत्र ‘ऑटो’वर ठेवले आणि तापमान ६५ अंशांवर लावले, की ही कॉइल कोणाच्या लक्षात न येता चालू होते आणि हीट पंप घेऊनही बिल गिझरच्या दिशेने जाऊ लागते. शिवाय पाणी जितके जास्त तापवावे तितका कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो आणि सीओपी उतरतो. आम्ही तापमान ५० अंशांवर ठेवतो आणि साचलेल्या कोमट पाण्यात वाढू शकणाऱ्या लिजिओनेलासारख्या जिवाणूंचा विचार करून आठवड्यातून एकदा ते ६० अंशांवर नेतो.

दुसऱ्या पिढीतील आर-१३४ए वायू ओझोनला अपाय करत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. २०१६ मध्ये झालेली आणि भारताने २०२१ मध्ये मान्य केलेली मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती अशाच वायूंसाठी आहे. तिसऱ्या पिढीच्या यंत्रात त्याऐवजी आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, आहे. वातावरणाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपद्रवी आहे, मात्र ज्वलनशील आहे. खानापूर भागातील अनेक घरांत न्हाणीत अजूनही पाणी तापवण्याची चूल असते. अशा न्हाणीत हे यंत्र कदापि बसवू नये. बहिणीकडे ते परसदारी, पत्र्याच्या शेडखाली मोकळ्या हवेत आहे.

इन्व्हर्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करू शकणाऱ्या, कॉम्प्रेसरमुळे ते हळूहळू वेग घेते, सुरू होताना दिवे मंद होत नाहीत, आणि आवाज इतका कमी आहे की शेडपासून चार पावलांवर तो पावसात हरवतो. विजेतील बचत मात्र मला अपेक्षेपेक्षा कमी दिसली. दोन्ही घरांतील पाण्याचा वापर सारखा धरून पाहिला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीतील फरक महिन्याला पाच-सात युनिटांपुढे जात नाही. उलट त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाजूक आहे. पहिल्याच पावसाळ्यात, फांद्या पडून वीज वारंवार जात-येत असताना, तो जळाला आणि नवा बोर्ड येईपर्यंत बहिणीच्या घरी तीन आठवडे चुलीवरच पाणी तापवावे लागले. विक्रेत्याने विद्युतदाबाच्या संरक्षणाविषयी आधी एक शब्दही सांगितला नव्हता, याची मला आजही खंत वाटते. यंत्राच्या किमतीच्या मानाने ते संरक्षण किरकोळ खर्चाचे होते.

म्हणून दुसऱ्या पिढीचे यंत्र ज्यांच्याकडे नीट चालू आहे, त्यांनी केवळ नवे आले म्हणून ते बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्याने घेणाऱ्यांनी मात्र तिसऱ्या पिढीचेच घ्यावे, जरी त्यासाठी सोलरच्या दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागत असले तरी. बोअरचे पाणी असेल तर टाकीतील मॅग्नेशियमची कांडी दोन वर्षांनी उघडून पाहावी, कारण ती झिजून संपली की गंज टाकीच्या पत्र्याला लागतो. आणि पैसे देण्याआधी आर-२९० हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ बेळगावातच आहे, की तो दर वेळी हुबळीहून किंवा पुण्याहून येणार आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.