ब्लॅक बॅट फ्लॉवर: केरळहून आलेले रोप आणि पाकिटातले बी

‘ब्लॅक बॅट फ्लॉवर’ या नावाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या माझ्या दोन खरेद्यांविषयी हे लिहीत आहे. पहिली खरेदी जून २०२१ मधली, एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतलेल्या वीस बियांच्या पाकिटाची. दुसरी जुलै २०२२ मधली, केरळमधील एका लहान रोपवाटिकेने कुरियरने पाठवलेल्या रोपाची. पाकीट २४९ रुपयांना पडले आणि रोप कुरियरखर्चासह ८५० रुपयांना. विक्रेत्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण त्या पाकिटावरचा फोटो, मजकूर आणि मजकुरातल्या चुकासुद्धा मला पुढे इतर अनेक विक्रेत्यांकडे जशाच्या तशा दिसल्या. त्यांतल्या एकालाच वेठीस धरण्यात अर्थ नाही.

विक्रेते हिला कधी ऑर्किड म्हणतात, कधी लिली, पण ती या दोहोंपैकी काहीच नाही. टाक्का शँट्रिएरी हे तिचे शास्त्रीय नाव. १९०१ साली एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन या पट्ट्यातल्या दमट जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या थरात ती वाढते. कुळ मात्र आपल्या ओळखीचे आहे, कारण आपले कोनफळ, करांदे आणि कणगर ज्या कुळातले, त्याच कुळात आता टाक्काचाही समावेश होतो. कोकणात पावसाळ्यात उगवणारा देवकंद तर थेट टाक्का याच प्रजातीतला. गुहागरला माझ्या मामेबहिणीच्या सासूबाईंनी फुलाच्या लोंबत्या मिशा पाहिल्या आणि कोणी काही सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, “अगं, हा तर देवकंदाचा कोणी नातेवाईक दिसतोय.”

पाकिटाची हकीकत लवकर संपण्यासारखी आहे. त्यावर गडद निळ्या फुलाचा फोटो होता आणि खाली ‘भरपूर ऊन, सहा महिन्यांत फुले’ अशी सूचना. हे फूल निळे नसते आणि लांबून काळे दिसले तरी पूर्ण काळेही नसते. उजेडासमोर धरले की कोकमाच्या आगळासारखा गर्द जांभळट लाल रंग दिसतो. भरपूर उन्हात तर त्याची पाने दोन दिवसांत करपतात. तरीही बिया पेरल्या आणि नवव्या दिवशी चार रोपे वर आलेली पाहून क्षणभर आनंद झाला. जवळून पाहिले तेव्हा प्रत्येक रोपाला समोरासमोर दोन गोल, जाडसर बीजपत्रे होती. टाक्का एकदल, म्हणजे एकच बीजपत्र असणाऱ्या वर्गातली असल्यामुळे निकाल तिथेच लागला. सप्टेंबरात त्या रोपांना गुलाबी तेरडा फुलला. तेरडा मला आवडतो, परंतु त्याच्या वीस बियांना २४९ रुपये द्यावेत इतका नाही. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण विक्री थांबली नाही.

पाकिटात खरे बी असते तरी फारसा उपयोग झाला नसता, असे आता वाटते. टाक्काचे बी ताजे असतानाच पेरावे लागते, वाळवून ठेवलेले बी नीट रुजत नाही आणि रुजले तरी महिना ते नऊ महिने वाट पाहायला लावते. बी केव्हा काढले याची तारीख पाकिटावर नसेल, तर जातीच्या नावाची शहानिशा करत बसण्याचीही गरज नाही.

केरळहून आलेल्या रोपाचा अनुभव अगदी वेगळा होता. ऑर्डर दिल्यानंतर रोपवाटिकेतून फोन आला आणि कोणत्या गावी, कोणत्या मजल्यावर, ऊन कोणत्या बाजूने येते असे तीन प्रश्न विचारले गेले. पुणे म्हटल्यावर पलीकडून सांगण्यात आले की पाऊस नीट बसल्यावरच रोप पाठवू, मे महिन्यात पाठवले तर वाटेतच मरेल. चौथ्या दिवशी पुठ्ठ्याचे खोके आले. आत रोपाची मुळे ओलसर शेवाळात गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधलेले होते आणि पाने वर्तमानपत्राच्या सुरळीत सैलसर ठेवलेली होती. एका पानाचा देठ मोडला होता, बाकीची तीन पाने शाबूत होती. शेवाळ सोडवून पाहिले तर जमिनीलगत आल्याच्या कुड्यासारखा, अंगठ्याएवढा जाड आणि उभा मूलस्तंभ होता, त्याच्यावर गळून गेलेल्या पानांच्या वणांची वळी होती आणि एका बाजूला मोहरीएवढा फिकट डोळा. रोप घेताना हा मूलस्तंभ दाबून पाहावा, कारण तो टणक असेल तर पाने सगळी गेली तरी रोप जगते आणि मऊ लागला तर हिरव्यागार पानांनाही काही अर्थ राहत नाही.

सोबतच्या कागदावर इंग्रजीत पाच ओळींची सूचना होती: सावली, दमट हवा, निचरा, मुळांशी पाणी साचू न देणे, थंडीत घरात. एवढ्या कमी शब्दांत यापेक्षा बरोबर सांगता आले नसते, पण पुण्यापुरती तिच्यात एक भर घालणे भाग आहे. केरळात जे आपोआप होते ते इथे घडवून आणावे लागते. पावसाळ्याचे चार महिने रोप खुशीत असते. मार्च ते मे या काळात दुपारची हवा इतकी कोरडी होते की पानांच्या कडा कागदासारख्या वाजू लागतात. मी कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत, पंचाहत्तर टक्क्यांच्या शेडनेटखाली, खडे आणि पाणी घातलेल्या परातीवर ठेवली, अर्थात कुंडीचा तळ पाण्याला टेकणार नाही अशा बेताने. शेजारी फर्न आणि अळूच्या कुंड्यांची दाटी केली, आणि फवारणीपेक्षा या दाटीचाच उपयोग अधिक झाला.

माती मी वापरलीच नाही. नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे दोन भाग, जुने गांडूळखत एक भाग आणि विटांचा चुरा व कोळसा मिळून एक भाग, असे मिश्रण केले. नुसते कोकोपीट घालू नये, ते पावसाळ्यात चिखलासारखे बसते आणि मुळे गुदमरतात. पाण्याच्या बाबतीत मी स्वतः एक चूक केली. आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते म्हणून, काटकसर आणि पर्यावरण दोन्ही साधतील या हिशेबाने, घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडाला घातले. ते तर मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते! तीन आठवड्यांत पानांची टोके तपकिरी झाली आणि झाडाची रया गेली. पावसाचे साठवलेले पाणी घालू लागल्यावर निघालेली पाने स्वच्छ आली, जुन्यांचे डाग मात्र राहिले. कीड म्हणाल तर पावसाळ्यात गोगलगाई आणि उन्हाळ्यात लाल कोळी. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचाव्या लागतात.

पहिले फूल ऑगस्ट २०२३ मध्ये आले, म्हणजे रोप आल्यानंतर तेरा महिन्यांनी. दांडा पानांच्या वर येतो, टोकाशी घट्ट मिटलेली गुंडाळी असते आणि ती दोन-तीन दिवसांत सुटत जाते. मागे पंखांसारखे उभे राहतात ते दोन रुंद छद, म्हणजे फुलांलगतची बदललेली पाने, पाकळ्या नव्हेत. खरी फुले त्यांच्या पुढ्यात, खाली मान घातलेल्या बटणांसारखी, झुबक्याने असतात आणि त्यांच्यामधून वीतभराहून लांब दोऱ्यांसारख्या मिशा लोंबतात. वास मला तरी जाणवला नाही. शेजारच्या लहान मुलाने त्याला ‘मांजर’ म्हटले, आणि खरे सांगायचे तर वटवाघळापेक्षा ते नाव अधिक जुळते.

एवढा थाट कुजक्या मांसावर येणाऱ्या माश्यांना फसवण्यासाठी असावा, असा समज बराच काळ होता. चीनच्या युन्नान प्रांतातल्या रानटी झाडांवर झालेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मात्र सांगतो की या फुलांकडे कीटक फारसे फिरकत नाहीत आणि बहुतेक बी स्वपरागणानेच धरते. बाल्कनीत झाड ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही उत्तम बातमी आहे: एकच झाड पुरते, ब्रशने पराग फिरवण्याचा खटाटोप नको. माझ्या झाडाला काहीही न करता दोन फळे धरली. कडांना शिरा असलेली, मांसल, काळपट फळे पिकायला फेब्रुवारी उजाडला. गर चाळणीवर चोळून धुतला, बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी पेरले, वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण आणि त्यावर झाकणाचा पारदर्शक डबा. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात डब्यातले तापमान आपोआपच तिशीच्या आसपास राहिले. सातव्या आठवड्यात पहिले कोंब दिसले आणि चोवीसपैकी अकरा बिया रुजल्या. ही रोपे फारच संथ वाढतात. वर्षानंतरही त्यांची पाने तळहाताएवढीच आहेत आणि फुलायला अजून एक-दोन वर्षे सहज लागतील.

लवकर वाढवायचे असेल तर मूलस्तंभ विभागणे हाच मार्ग. जून २०२४ मध्ये मी कुंडी रिकामी केली. उभा मूलस्तंभ वाढता वाढता मिश्रणाच्या वर दोन इंच आला होता आणि झाड डोलू लागले होते, त्यामुळे ते काम तसेही करायचेच होते. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरचा शेंडा काही मुळांसह कापून वेगळ्या कुंडीत लावला, उरलेल्या बुडख्याचे डोळे पाहून तीन तुकडे केले, कापलेल्या भागावर बुरशीनाशकाची पूड लावली आणि ते सावलीत दिवसभर सुकू दिले. दोन तुकड्यांना चाळीस दिवसांच्या आसपास फुटवे आले. तिसऱ्याला मी घाईने पाणी घातले आणि तो सडला.

फुटलेल्या दोन तुकड्यांपैकी एक गुहागरला मामेबहिणीकडे गेला. तिने तो न्हाणीघरामागे, फणसाच्या सावलीत, पाचोळा आणि शेणखत घातलेल्या जमिनीत लावला आणि विसरून गेली. माझ्याकडे परात, शेडनेट, साठवलेले पाणी एवढा सरंजाम. तिच्याकडे २०२५ च्या पावसाळ्यात माझ्याहून मोठी पाने आणि एकाच वेळी दोन फुले. फोटो पाठवून तिने विचारले, “याला एवढं काय जपायचं असतं?” मी उत्तर दिलेले नाही.

तेव्हा कोकणात किंवा गोव्यात ज्यांच्याकडे सावलीची आणि निचऱ्याची जागा आहे, त्यांनी ८५० रुपये निर्धास्तपणे खर्च करावेत. घाटावरच्या शहरांत राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात महिनाभर गावाला जाण्याची सवय असल्यास हे रोप घेऊ नये, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा पंधराच्या खाली जाऊ लागला की ते घरात घ्यावे. बियांचे पाकीट मात्र कुठेही, कोणीही, कोणत्याही किमतीला घेऊ नये.

केरळच्या रोपवाटिकेविषयी माझी तक्रार एकच आहे आणि ती नावाची. या वर्षी मी त्यांच्याकडून ‘व्हाइट शँट्रिएरी’ मागवले. आलेले रोप निरोगी आहे, मूलस्तंभ टणक आहे, पण ते शँट्रिएरी नसून टाक्का इंटिग्रिफोलिया आहे. पांढऱ्या छदांची, जांभळ्या शिरांची ती वेगळीच जात. फोन करून तसे सांगितले. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले की ते त्यांना ठाऊक आहे, परंतु गिऱ्हाईक याच नावाने विचारते.