जुनाट कंबरदुखी: मॅन्युअल थेरपी आणि व्यायाम, काही महिन्यांनंतर

तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर धरलेली असेल आणि ‘नुसतं मणके मोकळे करून घेतले तर जाईल का’ असा प्रश्न पडला असेल, तर माझं उत्तर: नुसत्याने नाही. पण व्यायामाच्या जोडीने फरक पडू शकतो.

मॅन्युअल थेरपी म्हणजे हातांनी केलेले उपचार. माझ्या बाबतीत पालथं झोपवून फिजिओथेरपिस्ट तळहाताच्या कडेने एकेका मणक्यावर लयीत दाब देतात. आधी हलका, मग कंबर सैल पडेल तसा खोल. यात सरकलेलं हाड वगैरे जागेवर बसत नाही. आवळलेले स्नायू सैलावतात आणि दुखण्याची जाणीव काही काळ बोथट होते. टेबलावरून उठलं की मला वाकून मोजे घालता यायचे. दोन-तीन दिवसांत ताठरपणा परत हजर! बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात. खरं तर ती दोन दिवसांची उसंत व्यायामासाठीच असते.

मला सर्वांत लागू पडला तो बर्ड डॉग. हात आणि गुडघे टेकून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय सरळ लांबवायचा. कमरेवर एक वही ठेवायला सांगितली होती. ती घसरली की समजायचं, पाय फार वर गेला. कॅनडाचे पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅक्गिल यांच्या तीन प्रसिद्ध व्यायामांपैकी हा एक. दहा सेकंदांच्या वर धरायचं नाही, जमेल तशा वेळा वाढवायच्या. व्यायामानंतर थोडं ठणकलं आणि दुसऱ्या दिवशी निवळलं, तर घाबरू नका.

एमआरआयमधल्या ‘डिस्क बल्ज’नेही (मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगणं) हातपाय गाळू नका. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या सुमारे 30 टक्के लोकांत तो दिसतो, ऐंशीच्या घरात 84 टक्क्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशींत व्यायाम, मसाज आणि मणक्यांची हाताळणी आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) सरसकट वापरू नये, असं म्हटलंय. पट्टा सोडल्याचं मला तरी समाधान आहे.

आता थेरपी क्वचितच घेते, व्यायाम मात्र रोज. लांबच्या प्रवासानंतर कंबर अजून कुरकुरते, पण चार पावलं चालले की सुटते.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधीरपणा, पायातली ताकद कमी होणं, यातलं काहीही जाणवलं तर थेरपी किंवा व्यायाम करत बसू नका, तातडीने डॉक्टर गाठा.